दलदलीतला पाचवा

लग्न होऊन मी बडोद्याला आले, तेव्हा वाडी नावाच्या भागातल्या त्या बोळात शिरताना पहिल्यांदा नजरेत भरल्या त्या स्कूटरा. बोळातल्या झाडून सगळ्या स्कूटरा, लुना आणि सायकली रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या. एकही वाकडी नाही. मी नवऱ्याला म्हटलं, "काय शिस्तीचे लोक आहेत हो इथले."

"लोक कसले शिस्तीचे," तो म्हणाला, "आपले घरमालक आहेत ते. वर चल, कळेलच तुला."

दुसऱ्याच दिवशी कळलं. मी शाळेत नोकरीच्या मुलाखतीला निघाले होते. नवऱ्याची स्कूटर आदल्या रात्री घाईत भिंतीकडे तोंड करून लावली गेली होती. तिच्याशेजारी पांढऱ्या मिशांचे, इस्त्रीची खाकी पँट आणि वर नुसता बनियन घातलेले एक गृहस्थ हात मागे बांधून उभे होते. मला म्हणाले, "बाई, गाडी लावायची ती निघायच्या तयारीत लावायची. पळायची वेळ आली तर आधी तोंड वळवत बसणार का?"

मी म्हटलं, "पण काका, वाडीतून पळायची वेळ कशाला येईल?"

"ते आपण ठरवत नाही, बाई. ते शत्रू ठरवतो."

मी साताऱ्याकडची. उलट उत्तर जिभेवर तयारच असतं. पण या उत्तराला उलट उत्तर मला सापडलं नाही, आणि पुढं आठ-नऊ वर्षं आम्ही त्यांच्या घरात राहिलो त्यात ते फारसं कधी सापडलंही नाही.

ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. पण लढणाऱ्या पलटणीत नव्हते, वर्कशॉपमध्ये होते. म्हणजे लढाईत ट्रक, जीपा, रणगाडे बंद पडतात, रुततात, त्यांना दोर बांधून ओढून आणायचं आणि दुरुस्त करून परत पाठवायचं, हे ज्यांचं काम, त्या तुकडीत. तिकडून आल्यावर त्यांनी गोरव्याला एका कारखान्यात मशिनांची देखभाल सांभाळली आणि मग तेही सोडलं. पण मनातून वर्कशॉप काही सुटलं नव्हतं. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या, चालू आणि बंद. माणसंही त्यातच आली. मला खोकला झाला की ते जिन्यातून विचारायचे, "काय बाई, कार्बोरेटरमध्ये कचरा?" माझ्या सासूबाई गुडघे धरून जिना चढल्या तर म्हणायचे, "बुश गेलेत, दुसरं काही नाही. पण इंजिन झकास आहे हं." सासूबाईंना इंजिन म्हणजे आपण, हे कळल्यावर त्या दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, "काय गं, पण झकास म्हणाले ना?"

त्या वर्षांत बडोद्यात नव्यानव्या गाड्या यायला लागल्या होत्या. आधी सगळ्या गावात दोन-तीन जातीच्या मोटारी, त्याही ओळखीच्या. आता दर दिवाळीला कोणी ना कोणी नवीन काहीतरी घेऊन यायचं आणि पेढे वाटायचं. गाडी बोळाच्या तोंडाशी थांबली रे थांबली की काका पेढा घ्यायच्या आधी बॉनेट उघडायला लावायचे. आत डोकं घालून बराच वेळ बघायचे. मालक बिचारा कौतुकाची वाट बघत उभा. काका बाहेर आले की एवढंच म्हणायचे, "रुतली तर दोर कुठं बांधणार? पुढं हुकच दिला नाही." समोरच्या शांताबेनच्या जावयानं नवी कोरी गाडी आणली तेव्हाही हेच. जावई म्हणाला, "अंकल, अमे तो हायवे पर चलावशुं." काका म्हणाले, "रणगाडा चालवणारेसुद्धा असंच म्हणतात."

आणि रविवारचा दरबार. सैन्यात म्हणे असा दरबार भरतो. साहेब समोर बसतात, जवान सगळे खाली बसतात, आणि कोणीही उभं राहून आपली तक्रार सांगायची. साहेबानं तिथल्या तिथं खरं उत्तर द्यायचं, आणि दरबारात जे बोललं त्याबद्दल नंतर कुणाला शिक्षा करायची नाही. काकांनी हा रिवाज आमच्या घरात चालू ठेवला होता. रविवारी सकाळी खालच्या चौकात सतरंजी अंथरली जायची. आम्ही भाडेकरू, शेजारचे चार-दोन रिकामटेकडे आणि शांताबेन खाली. काका खुर्चीवर, अंगात पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. मागच्या खोलीत रिफायनरीत नोकरी करणारा एक विदर्भातला मुलगा राहायचा. त्याची तक्रार कायम एकच, पाणी. तो उभा राहायचा, नाव सांगायचा, आणि म्हणायचा, "पाणी येत नाही." काका म्हणायचे, "तू उठतोस कधी?" "आठला." "पाणी जातं कधी?" "सातला." "बस. पुढचा."

मी पहिल्या रविवारी हसून हसून बेजार झाले. नंतर मात्र लक्षात आलं की आमच्या घरात भांडणं होत नाहीत. सगळ्यांची वाफ रविवारी निघून जाते. मी स्वतः उभी राहून सासूबाईंची तक्रार केलेली आहे, सासूबाई शेजारीच बसलेल्या असताना. काकांनी दोघींना झापलं आणि काकूंनी दोघींना पोहे दिले.

काकू म्हणजे त्यांची बायको. ठेंगण्या, गोऱ्या, बोलणं अर्धं मराठी आणि अर्धं गुजराती. दरबार चालू असताना त्या स्वयंपाकघरात असायच्या आणि म्हणायच्या, "यांचं चालू दे ने. माझा दरबार चोवीस तास असतो."

आता मुख्य गोष्ट. काकांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात एक जाडजूड पुस्तक होतं. एका रणगाड्यांच्या रेजिमेंटचा इतिहास. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, सोनेरी अक्षरं. लढाईत काकांची वर्कशॉपची तुकडी याच रेजिमेंटच्या मागून चालत होती. पुस्तकात रेजिमेंटच्या एकेका चढाईवर पानंच्या पानं होती. आणि वर्कशॉपबद्दल एक वाक्य होतं. इंग्रजीत. त्याचा अर्थ असा, की वर्कशॉपचे सहकार्य समाधानकारक होते.

एवढंच. या एका शब्दानं त्या माणसाला किती वर्षं जाळलं होतं म्हणून सांगू. "समाधानकारक," ते म्हणायचे, "माझ्या पोरीच्या प्रगतिपुस्तकात भूगोलापुढं असायचं हे. ती नकाशात लंका वर काढायची. लढणाऱ्याचा फोटो निघतो, बाई. ओढणाऱ्याचे पाय चिखलात असतात, त्याचा कोण काढणार?"

एक दिवस ते जिने चढून धापा टाकत वर आले. हे नवलच होतं, कारण ते वर कधी येत नसत, खालूनच हुकूम सोडत. त्यांना बातमी लागली होती की त्या इतिहासाची नवी आवृत्ती निघते आहे, आणि ती काढणारे निवृत्त कर्नल आपल्या बडोद्यातच आहेत. जुन्या मराठी घराण्यातले, आजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर, घर अलकापुरीत. काकांनी त्यांना फोन केला होता. कर्नलसाहेब म्हणाले होते, वर्कशॉपवर वेगळं प्रकरण देऊ, लिहून आणा, बघतो.

"बाई, तुम्ही इंग्रजी शिकवता. मी सांगतो, तुम्ही लिहा."

मी म्हटलं, "काका, माझे पेपर तपासायचे राहिलेत."

"मुलं नापास झाली तरी चालेल. आमची तुकडी तर आत्तापर्यंत परीक्षेलाच बसली नाही."

झालं. रोज संध्याकाळी गच्चीवर बैठक. काका हात मागे बांधून येरझाऱ्या घालायचे आणि सांगायचे. मी लिहायची. आणि दोन-तीन दिवसांत मला घाम फुटला. कारण ते सांगत होते ते असं. अमुक रणगाडा, गिअर पडत नाही. कारण, चालवणारा क्लचवर पाय ठेवून झोपला. तमुक रणगाडा, इंजिन तापून बंद. कारण, पाणी घालायला सांगितलं तर चहाला वापरलं. एक ट्रक, उलटा. कारण, ड्रायव्हरला डुलकी. एक जीप, झाडावर. झाडावर म्हणजे खरोखर झाडावर, हे मी दोनदा विचारून घेतलं.

मी म्हटलं, "काका, यात तुमचं शौर्य कुठाय?"

ते थांबले आणि माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मीच खुळ्यासारखं बोलले. "अहो, संध्याकाळपर्यंत सगळं चालू झालं होतं ना. आणखी काय पाहिजे?"

लढणाऱ्यांचा इतिहास म्हणजे जिंकलेली ठिकाणं. वर्कशॉपचा इतिहास म्हणजे मोडलेल्या गाड्या. काका जितक्या प्रेमानं आपल्या तुकडीचा पराक्रम सांगत होते, तितकी त्या रेजिमेंटची अब्रू जात होती, आणि हे त्यांच्या गावीही नव्हतं. एक मात्र खरं. चूक कुणाची, ते कधीच नावानिशी सांगत नव्हते. मी खोदून विचारलं तर म्हणायचे, "गाडी कोणी मोडली हे वर्कशॉप विचारत नाही. विचारलं तर पुढच्या वेळी तो लपवतो, आणि गाडी आणखी मोडते. आपण फक्त इंजिन बघायचं." मी शाळेत हे करून बघितलं. काच कोणी फोडली हे न विचारता काच बसवून घेतली. दुसऱ्या दिवशी फोडणारा आपण होऊन आला.

लिखाण झालं. बोळाच्या टोकाला एक नवीन कॉम्प्युटरचं दुकान निघालं होतं, तिथून छापून घेतलं. काकांनी ते कर्नलसाहेबांकडे पोचतं केलं, आणि पुढच्या आठवड्यात कर्नलसाहेब स्वतःच आले. उंच, सहा फुटांच्या वर, पाठ ताठ, अंगावर साधा झब्बा. त्यांची गाडी बोळात येईना म्हणून त्यांनी रस्त्यावर लावली होती. काकांनी त्यांना कडक सलाम ठोकला, किल्ली मागितली, जाऊन गाडी वळवून निघायच्या दिशेनं लावली, आणि मग परत येऊन म्हणाले, "आता बसा, साहेब."

"बसतो, साहेब," कर्नलसाहेब म्हणाले. सैन्यात मोठे अधिकारीही सुभेदाराला साहेबच म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. दोघं एकमेकांना साहेब साहेब करत होते आणि काकू चहा घेऊन मध्ये उभ्या होत्या, आधी कुठल्या साहेबाला द्यायचा म्हणून.

कर्नलसाहेबांनी कागद मांडीवर ठेवले. चेहरा गंभीर. "सुभेदारसाहेब, हे वाचून असं वाटतं की आमची रेजिमेंट लढाईला गेलीच नाही. नुसती बंद पडत राहिली."

"साहेब," काका म्हणाले, "चालू गाडीशी आमचा संबंधच येत नव्हता."

कर्नलसाहेब इतके हसले की त्यांना चहाचा कप खाली ठेवावा लागला. म्हणाले, थोडं कमी करू, जीप झाडावरून खाली घेऊ, पण प्रकरण जाणार. काकांची छाती एवढी फुगली की शर्टाचं बटण सुटतंय की काय असं मला वाटलं. आणि मग कर्नलसाहेबांनी एक पान काढलं.

त्या पानावर दलदलीची हकीकत होती. भर दुपारी एक रणगाडा दलदलीत रुतला होता, आत एक तरुण अधिकारी, समोरून तोफा चालू. वर्कशॉपच्या चौघांनी चिखलात उतरून पोलादी दोर बांधला आणि तो ओढून काढला. चौघांची नावं, गावांसकट, काकांनी घातली होती. अधिकाऱ्याचं नाव अर्थातच नव्हतं.

"तो तरुण अधिकारी मी," कर्नलसाहेब म्हणाले. "तुम्हाला माहीत असणार."

काका छताकडे बघत होते. "गाडी कोणी रुतवली, ते आम्ही लिहीत नाही, साहेब."

"ते ठीक आहे. तुमचा नियम. पण चार कसे? पाच होते. दोर लावायला जो बुडाशी गेला होता, गळ्यापर्यंत चिखलात, तो पाचवा. त्यानं मला मराठीत शिवी दिली होती. तोंड चिखलानं भरलेलं, ओळख पटली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पुढं गेलो आणि भेट राहिली ती राहिलीच. तो कोण?"

काका म्हणाले, "आठवत नाही, साहेब."

मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. ज्या माणसाला पंचवीस वर्षांपूर्वीच्या ट्रकांचे नंबर तोंडपाठ होते, त्याला माणूस आठवत नव्हता.

कर्नलसाहेब उठले. आवाज मऊच होता, पण म्हणणं पक्कं होतं. "मग हे प्रकरण मला घेता येणार नाही. ज्यानं मला जिवंत ठेवलं त्यालाच गाळून मी वर्कशॉपचा इतिहास छापू? महिनाअखेर सगळं छापखान्यात जाईल. तोवर आठवलं तर कळवा."

ते गेले, आणि आमच्या घराचं सगळं तंत्र बिघडलं. काका जेवेनात. गच्चीवर येईनात. रविवारचा दरबार त्यांनी उभ्या उभ्या उरकला. रिफायनरीवाल्या मुलाला "तू उठतोस कधी" असंही विचारलं नाही, नुसतं "बरं" म्हणाले, तर तो मुलगाच घाबरला. बोळातल्या स्कूटरा हव्या तशा उभ्या राहायला लागल्या. शांताबेन ओट्यावरून मला म्हणाल्या, "साहेबनी तबियत बराबर नथी के शुं?"

मला राग आला होता. एवढे दिवस माझं डोकं खाल्लं, माझे पेपर पडून राहिले, आणि आता एका नावासाठी सगळं पाण्यात. मी तरातरा खाली गेले. काकू झोपाळ्यावर बसून उंधियूसाठी पापडीच्या शेंगा निवडत होत्या. मी म्हटलं, "काकू, कोण हो तो पाचवा? सांगत का नाहीत काका?"

काकूंनी आतल्या खोलीकडे बघितलं. "अगं, सांगतील कसे? तेच आहेत ते."

मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि शेंगा निवडायला घेतल्या.

"लग्न झाल्यावर मला सांगितलं ते दार लावून सांगितलं," काकू म्हणाल्या. "अधिकाऱ्याला शिवी दिली ने. वरच्या माणसाला. वर्षभर वाट बघत होते, की आता बोलावणं येईल आणि हुद्दा काढून घेतील. कोणी बोलावलं नाही, पण यांच्या मनातून जाईना. आता म्हणतात, मी सगळ्या गल्लीला शिस्त शिकवतो, आणि छापून काय येणार, की यानं साहेबाला शिवी दिली? बेशिस्त माणूस तुकडीच्या इतिहासात नको, म्हणून स्वतःला काढून टाकलं. तू कर्नलसाहेबांना बोलू नकोस हं. माझी शप्पथ आहे."

"मग प्रकरण जाऊ द्यायचं? त्या चौघांचंही?"

"तेच तर जीव खातंय यांचा. दोन तर गेले त्यातले. त्यांची नावं तरी यावीत म्हणून एवढी धडपड. आणि आपलं नाव सांगितल्याशिवाय ती येत नाहीत. इकडे आड, तिकडे विहीर."

काकूंची शपथ मी मोडली नाही. कुणाला सांगायचंही नाही आणि गप्पही बसायचं नाही, याची मला शाळेतल्या नोकरीमुळं चांगली सवय होती. कॉम्प्युटरवाल्यानं काही पानांत चुका केल्या होत्या, त्या दुरुस्त करून पानं द्यायच्या निमित्तानं मी अलकापुरीत गेले. पानं दिली, सरबत घेतलं, आणि इकडचं तिकडचं बोलताना म्हटलं, "आमच्याकडं रविवारी काका दरबार भरवतात. कोणीही उभं राहून तक्रार सांगायची. काका खरं उत्तर देतात. आणि दरबारात जे बोललं त्याला शिक्षा नसते."

कर्नलसाहेबांनी हातातली पानं बाजूला ठेवली. "किती वाजता?" एवढंच विचारलं.

रविवारी सतरंजीवर आम्ही नेहमीचेच होतो. दरबार सुरू झाल्यावर कर्नलसाहेब आले. काका ताडकन उठले आणि खुर्ची पुढं केली. कर्नलसाहेब म्हणाले, "दरबार तुमचा आहे," आणि ते लांबलचक पाय दुमडून शांताबेनच्या शेजारी सतरंजीवर बसले. काका खुर्चीत बसले खरे, पण अगदी कडेवर.

त्यांचा नंबर आल्यावर कर्नलसाहेब उभे राहिले. रिवाजाप्रमाणं नाव सांगितलं. म्हणाले, "तक्रार अशी. एका माणसानं मला शिवी दिली."

काकांच्या मिशा थरथरल्या.

"शिवीबद्दल तक्रार नाही. मी तेव्हा नवा होतो, मस्तीत होतो. सांगितलेला रस्ता सोडून दलदलीत घुसलो. वर रणगाड्याच्या झाकणातून डोकं काढून मजा बघत होतो, की हे लोक दोर कसा बांधतात. तेवढ्यात खालून शिवी आली. माझ्या बापानंही कधी दिली नव्हती अशी. मी दचकून आत झालो, आणि झाकणावर तोफगोळ्याचा तुकडा येऊन आपटला. माझं डोकं होतं तिथंच. त्या माणसाचं नाव तुमच्या इतिहासात नाही. तक्रार ही आहे. दरबारात खरं उत्तर मिळतं असं ऐकलंय."

काका उठले. टोपी नीट केली. पाय जुळवले. आमच्याकडे कुणाकडेच बघितलं नाही, समोरच्या भिंतीकडे बघून म्हणाले, "साहेब, तो मी."

रिफायनरीवाल्या मुलाच्या तोंडून "आयला" निघालं आणि सासूबाईंनी त्याला चापट मारली.

कर्नलसाहेबांना धक्का बसला होता, पण ते सावरले. "खात्री कशी पटवणार? शिवी काय होती, ते सांगा."

"साहेब, इथं बायामाणसं आहेत."

"सांगा ने," स्वयंपाकघराच्या दारातून काकूंचा आवाज आला. "मी ऐकलीय ती. बाकीच्याही मरत नाहीत."

काकांनी घसा साफ केला. आणि मग त्या चौकात, त्या जुन्या खड्या आवाजात, भिंती हादरतील असे ते ओरडले, "ए टोणग्या, मरायचंय का? मुंडी आत घाल."

मग पहिल्यांदा शांताबेन हसल्या. त्यांना टोणगा म्हणजे काय ते कळलं नव्हतं, पण सहा फुटी कर्नलसाहेबांनी मान खाली घातलेली त्यांनी बघितली होती. मग सगळेच हसायला लागले. कर्नलसाहेब हसत नव्हते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

"हाच आवाज," ते म्हणाले.

"साहेब, मी शिस्त मोडली."

"शिस्त आधी मी मोडली, साहेब. मुंडी बाहेर काढून. तुम्ही दुरुस्त केलीत. तेच तर तुमचं काम होतं."

काका भिंतीकडेच बघत उभे राहिले. मग ते खुर्चीत बसले आणि बसक्या आवाजात म्हणाले, "पुढचा." पुढचा रिफायनरीवाला होता. तो उठला, नाव सांगितलं आणि म्हणाला, "माझी काही तक्रार नाही." त्या दिवशी पोह्यांबरोबर सगळ्यांना जिलेबी मिळाली, आणि संध्याकाळपर्यंत बोळातल्या स्कूटरा परत सरळ झाल्या.

पुस्तक आलं ते पावसाळा संपता संपता. मोठं पाकीट, वर काकांचं नाव. काकांनी ते स्वतः उघडलं नाही. मला वरून बोलावलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही वाचा. हिला मराठीत सांगा. हिला इंग्रजी येत नाही." स्वतःलाही पानंच्या पानं वाचण्याइतकं येत नव्हतं, पण ते बोलायचं नाही.

काकू कणीक मळत होत्या. मी पाटावर बसले आणि वर्कशॉपचं प्रकरण काढलं. स्वतंत्र प्रकरण, वर ठळक मथळा. क्लचवर झोपलेला ड्रायव्हर होता, चहाला वापरलेलं पाणी होतं. कर्नलसाहेबांनी जीपसुद्धा झाडावरच ठेवली होती. काका प्रत्येक बिघाडाला "बरोबर, बरोबर" करत होते. मग दलदल आली. अधिकाऱ्याचं नाव या प्रकरणात नव्हतं, काकांचा नियम पाळला होता. खाली बारीक अक्षरात मात्र कर्नलसाहेबांनी आपल्या सहीनिशी टीप जोडली होती, की तो अधिकारी मी. काका चिडल्यासारखं करून म्हणाले, "ऐकायचं नाही म्हणजे नाहीच या माणसानं."

मी चौघांची नावं वाचायला घेतली. पहिल्या नावाला काका उठून उभे राहिले. बनियन आणि लुंगी, पण पाय जुळवलेले, हात बाजूला, नजर समोर. मी वाचत गेले. नाव, गाव. नाव, गाव. केरळातलं एक, पंजाबातलं एक, आपल्या सोलापूरकडचं एक, बिहारमधलं एक. ते उभेच.

मग पाचवं नाव आलं. त्यांचं. ते ऐकलं आणि काका पटकन खाली बसले, चोरी पकडल्यासारखे, आणि टोपी नसलेल्या डोक्यावरून हात फिरवायला लागले.

"परत वाच गं," काकू म्हणाल्या.

मी मान वर केली. परातीतले हात तसेच पिठाचे ठेवून, पदर सावरायला जमत नव्हता तर तो तसाच लोंबू देऊन काकू उभ्या राहिल्या होत्या. पाय जुळवलेले, नजर समोर. मी ते नाव परत वाचलं, गावासकट, सावकाश. वाचून झालं तरी त्या बसल्या नाहीत.